बोटं बधीर का होतात, आणि पावसात हातापायांत काय घालावं

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलं आहे: पावसाळ्यात रविवारी त्या कसारा किंवा खंडाळ्यापर्यंत सायकलने जातात. घाट उतरताना बोटं इतकी गार पडतात की ब्रेक नीट दाबला जात नाही, आणि घरी येईपर्यंत बुटांत पाणी साचलेलं असतं. ऑगस्टमध्ये मनाली ते लेह करायचं ठरलं आहे. खर्च एकदाच करायचा आहे, तर दोन्हीकडे चालतील असे वॉटरप्रूफ हातमोजे आणि शू कव्हर कोणते घ्यावेत?

ताई, दोन्हीकडे चालेल असा एक जोड नाही. लांब पल्ल्याच्या सायकली चालवताना आणि नव्या मंडळींची तयारी करून घेताना हा प्रश्न मला सतत भेटतो, आणि प्रत्येक वेळी मी आधी कारण सांगतो. कारण कळलं की दुकानात उभं राहून, पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी, तुमचा निर्णय तुम्हालाच घेता येतो.

हातपाय ओले होणं आणि हातपाय गार पडणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत. मुंबईत जुलैत पारा २५ ते ३० अंशांच्या मध्ये असतो. पवईहून मरीन ड्राइव्हपर्यंत धो धो पावसात गेलात तरी त्रास होतो तो चिकचिकाटाचा, थंडीचा नाही. घाटात चित्र थोडं बदलतं. इगतपुरी आणि लोणावळा दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर. दर हजार मीटरला सुमारे सहा अंश असा हिशोब धरला, तर मुंबईपेक्षा तिथे तीन-चार अंशच कमी. म्हणजे पावसात मुंबईत २५ असले तर तिथे २१-२२ अंश. एवढ्यात बोटं बधीर व्हायला नकोत, तरी होतात, आणि त्याचं मूळ बोटांत नसतं.

चढताना तुम्ही घामाने आणि पावसाने भिजता, पण पाय चालू असल्यामुळे अंग तापलेलं असतं. माथ्यावर चहा होतो, फोटो होतात, दहा-पंधरा मिनिटं जातात. मग उतार लागतो: पायांना काम नाही, आणि ओल्या जर्सीवर ताशी ४० किलोमीटरचा वारा. छाती गार पडायला लागली की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडचं रक्त आखडतं घेतं. बोटांवर कितीही महागडा हातमोजा चढवा, आत गरम रक्तच येत नसेल तर तो ऊब आणणार कुठून? हातमोजा ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो. म्हणून कसाऱ्याच्या बोटांवरचा पहिला उपाय आहे उतार सुरू होण्याआधी घालायचं पातळ, वारा अडवणारं जाकीट. जर्सीच्या मागच्या खिशात मावेल असं. ते घालायचं चहा पिण्याआधी, थंडी वाजल्यावर नाही. सोबत साधे, पातळ, पूर्ण बोटांचे हातमोजे पुरतात. अर्ध्या बोटांचे घालत असाल तर एवढा एक बदलही जाणवेल.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. गार पडल्यावर तुमची बोटं पांढरी फटक पडत असतील, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लालबुंद होऊन ठणकत असतील, तर तो रेनॉचा त्रास असू शकतो. स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. लेहला जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा, कारण त्यावर सामानाची खरेदी हा उपाय नव्हे.

आता वॉटरप्रूफ या शब्दाच्या जिवावर जी महाग वस्तू विकली जाते तिच्याबद्दल. पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारा पडदा असतो. गोरटेक्स हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव, १९७६पासून बाजारात आहे. मुळात ताणलेल्या टेफ्लॉनचा पातळ पडदा, त्यात पाण्याच्या थेंबाला शिरता येणार नाही पण वाफेला निसटता येईल इतकी बारीक छिद्रं. तंत्र खरं आहे आणि उत्तम आहे. पण वाफ आपोआप बाहेर जात नाही. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम आणि दमट असेल तरच जाते. बाहेर ६ अंश असतील तर हा फरक मोठा असतो आणि पडदा छान काम करतो. मुंबईत बाहेर २८ अंश आणि हवेत ९० टक्के आर्द्रता असताना वाफेने जायचं कुठे? ती आतच थांबते, तिचं पाणी होतं, आणि तासाभरात तुम्ही पावसाऐवजी घामाने भिजलेल्या असता. म्हणून मुंबई आणि आसपासच्या घाटांसाठी वॉटरप्रूफ हातमोजे, मोजे किंवा शू कव्हर घेऊच नका असं मी सांगतो. इथला नियम उलटा आहे: पाणी येऊ द्या, पण लगेच जाऊ द्या.

पायात सँडल घाला. टाचेमागे पट्टा असलेली, तळ कडक असलेली, शक्यतो पुढून बोटं झाकणारी. क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा तळाचा खटका, लावता येणारी सायकलची सँडलही मिळते, पण साध्या पेडलवर फ्लोटर्स चालतात. त्यांचा तळ हाताने सहज दुमडत असेल तर ती लांब पल्ल्याला घेऊ नका, तळव्याला पेडल टोचत राहतं. बूटच घालायचे असतील तर जाळीचे घ्या. सुती मोजा कधीच नको. तो पाणी धरून ठेवतो आणि कातडी सोलून काढतो. पातळ सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा मोजा ओला झाला तरी पायाला त्रास देत नाही.

पायांच्या कोरडेपणासाठी मुंबईत सर्वांत जास्त उपयोगी पडणारी वस्तू पायात घालायचीच नाही, ती सायकलला लावायची आहे: पुढच्या चाकाचं लांब मडगार्ड. बुटांत साचणारं बरंचसं पाणी आभाळातून आलेलं नसतं. पुढचं चाक रस्त्यावरचं पाणी उचलतं आणि थेट पायांवर मारतं, आणि आपल्या रस्त्यांवरच्या पाण्यात काय काय असतं हे सांगायची गरज नाही. नुसत्या मडगार्डनेही भागत नाही, कारण ते बहुधा पेडलच्या बरंच वर संपतं. त्याच्या खालच्या टोकाला रबराची रुंद पट्टी जोडा, जमिनीपासून चार-पाच बोटं वर राहील इतकी लांब. जुन्या रबरी शीटचा तुकडा आणि दोन नट-बोल्ट, कोपऱ्यावरचा सायकलवाला दहा मिनिटांत करून देईल. मागच्या चाकालाही अशीच पट्टी लावलीत तर तुमच्या मागून येणाराही दुवा देईल. रोड बाइकच्या फ्रेममध्ये मडगार्डला जागा नसते ही तक्रार खरी आहे, पण फ्रेमच्या नळ्यांना पट्ट्यांनी बांधायची मडगार्डं मिळतात. ती पूर्ण लांबीची नसतात, तरी काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरी.

घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा, नाहीतर चिखल्या ठरलेल्या. निघण्याआधी बेचक्यांत आणि टाचेला पेट्रोलियम जेलीचा थर लावला तर कातडी पाण्याने फुगत नाही. आणि पायाला कुठे चीर, फोड किंवा जखम असेल तर तुंबलेल्या पाण्यातून जाऊ नका. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो, आणि पाण्यातून जावंच लागलं तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या असं महापालिका पावसाळ्यात बजावत असते. गुडघाभर पाण्यात सायकल घालू नका हे तर आहेच. खाली मॅनहोल उघडं आहे की नाही हे दिसत नाही.

लेहचं गणित पूर्ण वेगळं. मनाली साधारण दोन हजार मीटरवर, पुढची रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर. मनालीत पावसाने १८ अंश झाले असतील तर वर सहा-सात. ऑगस्टचा पाऊस रोहतांगच्या मनालीकडच्या उतारावर भरपूर पडतो. पलीकडे लाहौल पर्जन्यछायेत आहे, पण त्याही पुढच्या बारालाचा खिंडीवर ऑगस्टातही गारांचा किंवा हिमाचा मारा होऊ शकतो. आता उताराचा विचार करा. ५ अंशांत ४० च्या वेगाने येणारा वारा उघड्या कोरड्या कातडीला उणे १ सारखा लागतो. हात ओला असेल तर याहून वाईट, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. अशा हातांनी तासभर ब्रेक दाबत रोहतांगहून पलीकडच्या कोकसर गावाला उतरायचं आहे. बधीर बोटांना ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही, गिअर बदलत नाहीत, पंक्चर काढता येत नाही, जाकिटाची चेनही लागत नाही. इथे वॉटरप्रूफ हवं, आणि अंगात ऊब राखायलाही सामान हवं.

हातमोज्यांचे बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला निओप्रीनचा, पाणबुड्यांच्या पोशाखाच्या कापडाचा. तो पाणी अडवत नाही. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर शरीराच्या उबेने तापतो आणि फोमचं कापड ती ऊब टिकवतं. सलग दोन-तीन तासांच्या पावसाला उत्तम, घट्ट बसतो, ब्रेकवर पकड छान. पण दिवसभरात पाच वेळा काढायचा-घालायचा असेल तर ओला निओप्रीन बोटांवर चढवणं ही शिक्षा असते, आणि रात्रभरात तो वाळत नाही. लेहच्या वाटेवर तुम्ही सतत थांबणार, खाणार, फोटो काढणार. मी तिथे तो नेणार नाही.

दुसरा प्रकार तिहेरी: बाहेर कापड, मध्ये वॉटरप्रूफ पडदा, आत उबदार अस्तर. दुकानात हाच पुढे केला जातो. यात एक दोष असतो जो घरी कळत नाही. हात थोडा ओला असताना हातमोजा ओढून काढला की आतलं अस्तर बोटांना चिकटून उलटं बाहेर येतं, आणि गार पडलेल्या हाताने ते परत बोटाबोटांत बसवणं जवळजवळ अशक्य. घ्यायचाच असेल तर दुकानात हात पाण्याने ओला करून घालून काढून बघा. अस्तर हललं तर तो जोड तिथेच ठेवा.

माझी पसंती सुट्या थरांना आहे. आत पातळ लोकरी हातमोजा, वर अस्तर नसलेला सैल वॉटरप्रूफ खोळीसारखा हातमोजा. लोकरीचे दोन जोड न्यायचे: एक ओला झाला की दुसरा घालायचा आणि ओला पिळून जाकिटाच्या आत पोटाशी ठेवायचा. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही ओली लागत नाही, म्हणून इथे तिच्याइतकं दुसरं काही चालत नाही. वरची खोळ मुंबईत चांगली मिळाली नाही तर भांडी घासायचे रबरी हातमोजे घ्या, नेहमीपेक्षा एक-दोन मापं मोठे. हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो आहे. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत दोनशे किलोमीटर किंवा जास्त अंतर कापायच्या राइड, करणारे दिवस-रात्र सायकल मारतात, तेही हा उपाय करतात. शंभर टक्के पाणीबंद, तळव्याला खरबरीत पकड, मनगटाच्या वरपर्यंत लांब, आणि फाटले तर वाटेत लाहौलमधल्या केलाँगच्या बाजारात दुसरे शोधता येतील. वाफ जात नाही, पण ६ अंशांत घामापेक्षा वाऱ्याचा आणि पाण्याचा धोका मोठा. तुमचं हँडल सरळ असेल तर उत्तरेत थंडीत मोटरसायकलवाले हँडलवर चढवतात तशी कव्हरंही लावता येतात. त्यांच्या आत पातळ हातमोजाही पुरतो.

माप नेहमी सैल घ्या. बोटाच्या टोकाशी थोडी हवा राहायला हवी आणि मूठ वळताना मागून ताण यायला नको. घट्ट हातमोजा रक्त अडवतो, म्हणजे ज्यासाठी घेतला त्याच्या नेमकं उलट करतो. बायकांच्या मापाचे हातमोजे आपल्याकडे दुकानांत कमी ठेवतात, मग पुरुषांचा सगळ्यांत लहान गळ्यात मारला जातो आणि त्याची बोटं लांब होऊन ब्रेकच्या दांडीत अडकतात. तसा अजिबात घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी सहसा कापडातून येत नाही, तोंडातून येतं. हँडल धरल्यावर हात खांद्यापासून खाली उतरते असतात, त्यामुळे जाकिटावर पडलेलं पाणी बाहीवरून ओघळत मनगटाकडे जातं. हातमोज्याचं तोंड बाहीच्या वर असेल तर ते सगळं हातमोज्यात भरतं. म्हणून हातमोजा आत, बाही वर. बाहीला मनगटाशी आवळायची पट्टी असेल असंच जाकीट घ्या. पायालाही हेच लागू. पोटरीवरून ओघळणारं पाणी मोज्याच्या तोंडातून आत जातं, आणि वॉटरप्रूफ मोजा मग पाणी बाहेर ठेवण्याऐवजी आत कोंडून ठेवतो. उघड्या पोटऱ्यांवर वॉटरप्रूफ मोजे घालून पावसात निघालात तर थोड्या वेळात त्यांची बादली होते. वर रेन पँट हवी आणि तिची कड मोज्याच्या तोंडावरून खाली आलेली हवी.

शू कव्हरबद्दल माझं मत थोडं कडक आहे. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर, जिथे दिवसभर पाय टेकायचा नाही, तिथे ती फार चांगली. वारा तोडतात, तीन-चार मिलिमीटरच्या निओप्रीनची असतील तर ऊबही देतात. पण क्लीटसाठी खाली भोक असतंच, आणि पाणी तिथून येतं. खडीच्या रस्त्यावर चार वेळा चाललात की तळ फाटतो. लेहच्या वाटेवर चालणं होणारच. त्यामुळे तिथे वॉटरप्रूफ मोजे घ्या आणि त्यांच्या आत पातळ लोकरी मोजा. हे दोन्ही घालून बसतील असा बूट हवा, म्हणजे नेहमीपेक्षा अर्धं ते एक माप मोठा. आहे त्या बुटात जाड मोजा कोंबलात तर बोटं दाबली जाऊन आणखी गार पडतील. बुटाला क्लीट असेल तर आतला इनसोल उचलून बोल्टच्या खाचांवर रुंद चिकटपट्टी लावा आणि वर लोकरीचा इनसोल घाला. लोखंडी क्लीटमधून थंडी सरळ तळव्यात चढते. सुटका म्हणून दोन पावाच्या पिशव्या जवळ ठेवा. वॉटरप्रूफ मोजा आतून ओला झालाच, तर कोरडा लोकरी मोजा, वर पिशवी, वर बूट, एवढ्यावर मुक्काम गाठता येतो.

मुंबईची सँडल घरी ठेवू नका. बारालाचाच्या आसपास वितळलेल्या बर्फाचे नाले रस्त्यावरून वाहतात, आणि दुपारी ऊन चढलं की त्यांचं पाणी वाढतं. शक्यतो सकाळी लवकर ते ओलांडा. पाणी घोट्यावर असेल तर बूट-मोजे काढून सायकलला बांधा, सँडल घालून पलीकडे जा, पाय पुसा, मग कोरडे मोजे चढवा. पाच मिनिटं लागतील. तेवढ्यासाठी बूट ओले केलेत तर तिथल्या थंडीत ते दोन दिवस वाळणार नाहीत.

वाळवण्याचं एक सांगतो. बूट शेगडीजवळ किंवा हीटरसमोर ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. पडद्याचे मोजे आणि हातमोजे उलटे करून वाळवा, आणि धुताना कंडिशनर घालू नका. कापडावर पाण्याचे थेंब घरंगळून जाण्यासाठी जो लेप असतो तो त्याने मरतो. मुंबईत परत आल्यावर हे सामान ओलसर असताना कपाटात टाकलंत तर बुरशी येईल.

निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी सगळी खरेदी करा आणि घरीच तपासा. बादलीत पाणी घेऊन त्यात फ्रीजमधला सगळा बर्फ टाका. हातमोज्यात टिश्यू पेपर घेऊन हात मनगटापर्यंत बुडवा, दहा मिनिटं थांबा. बाहेर काढून त्याच हाताने ब्रेक दाबा, गिअर बदला, जाकिटाची चेन लावा, पंपाचं तोंड व्हॉल्व्हवर बसवा. मग हातमोजा काढा, टिश्यू बघा, आणि ओल्या हाताने परत घाला. मोज्यांसाठीही तसंच, फक्त तोंड पाण्याच्या वर राहू द्या. यातलं काहीही फसलं तर ती वस्तू दुकानात परत करा. बिल आणि टॅग तोपर्यंत फेकू नका.